दारू सोडायची आहे. एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस) मीटिंगला पहिल्यांदा कसं जायचं?

दुसरीपाळी_डोंबिवली
वय ४४. एमआयडीसीत कंपनीत आहे. आधी शनिवारची होती, आता रोज एक क्वार्टर लागते आणि सकाळी उताऱ्याचा घोट घेतल्याशिवाय हातांची थरथर थांबत नाही. तीन वर्षांपूर्वी वारीत तुळशीची माळ घातली होती. पाच महिने टिकली. मग एका रात्री मीच ती काढून देव्हाऱ्यात ठेवली, अजून तिथेच आहे.

मुलगी सहावीत आहे. घरी आलो की जवळ येते, पण श्वास रोखून उभी राहते. हे मला परवा कळलं. तिला कधीपासून सवय झाली असेल?

एएच्या मीटिंगा असतात हे ऐकलंय. पण त्या कुठे असतात, पैसे किती लागतात? चर्चमध्ये भरतात म्हणे, मग धर्माचं काही असतं का? आणि ओळखीचं कोणी भेटलं तर? कंपनीत कळलं तर संपलंच.

ठाणेकर_११वर्षं
दादा, मी ११ वर्षं प्यायलेलो नाही. त्याआधी १९ वर्षं पीत होतो. तुमचा उतारा मला माहीत आहे.

पैसे लागत नाहीत. फी नाही, फॉर्म नाही, आडनावही कोणी विचारत नाही. शेवटी एक पिशवी फिरते, जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे. नवीन माणसाने नाही टाकले तरी चालतं. दारू थांबवायची इच्छा असली की झालं, दुसरी अट नाही. चर्चचा किंवा शाळेचा फक्त हॉल वापरतात. तिथे ‘ईश्वर’ हा शब्द येतो, पण ज्याला जसा समजला तसा. माझ्या शेजारी बसणारे एक काका देव मानत नाहीत, त्यांना १६ वर्षं झाली. तुमची माळ देव्हाऱ्यात आहे तर राहू द्या, तिच्याशी भांडण नाही.

माझी पहिली मीटिंग महापालिकेच्या शाळेत होती. चौथीचा वर्ग, भिंतीवर पाढे, बाकात गुडघे मावेनात. मी दाराजवळ बसलो, हेल्मेट मांडीवर. पळायची तयारी म्हणून. एकेक जण उठून स्वतःचं सांगत होता. एकाने सांगितलं की मुलाच्या वह्यांचे पैसे त्याने बारमध्ये दिले. मी खाली बघत राहिलो, कारण मी तेच केलं होतं आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. कोणी उघडायलाही लावलं नाही.

निघताना एकाने चिठ्ठीवर नंबर दिला. ‘पिण्याआधी फोन कर, नंतर नको.’ चौथ्या दिवशी मी वाईन शॉपसमोर उभा होतो आणि फोन केला. दुकानाचं शटर खाली येईपर्यंत तो माणूस माझ्याशी बोलत राहिला. कशावर, तर गावच्या पावसावर.

आता शोधायचं कसं. एएच्या भारतातल्या वेबसाइटवर शहर टाकून मीटिंगा पाहा, हेल्पलाइनवर फोन करून ‘मराठी समूह कुठला?’ असं सरळ विचारा. ‘ओपन’ मीटिंगला कोणीही येऊ शकतं, ‘क्लोज्ड’ फक्त आपल्यासारख्यांसाठी. ओळखीची भीती असेल तर दोन स्टेशनं पुढची धरा. आणि ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असेल. पहिल्या ९० दिवसांत ९० मीटिंगा करायला जुने लोक सांगतात. तुमच्या पाळीत रोज जमणार नाही, ऑनलाइनही असतात. पण सुरुवात प्रत्यक्ष मीटिंगच्या खोलीत बसूनच करा, एवढं माझं ऐका.

वॉर्डसिस्टर
दादा, एक गोष्ट आधी. सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीराला सवय लागली आहे. जोशात एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवावरही बेततं. मी वॉर्डात पाहिलंय. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा, रोज किती पिता ते खरं सांगा. गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन उतरवतात. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, फोन मोफत. औषध आणि मीटिंग दोन्ही चालू द्या.

बायको_पुण्याहून
वहिनींसाठी लिहिते. मी नवऱ्याच्या चहात न सांगता दारू सोडवायची गोळी घालायचे, कुणीतरी दिली होती. त्यावर तो प्यायला आणि छातीत धडधड, चेहरा लाल, दवाखाना. तो वाचला. असं कोणीही करू नका.

नंतर अल-अनॉनला गेले, ते घरच्यांसाठी असतं. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा ‘सहचरी’ गटही आहे. डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. तिथे बसून मला पहिल्यांदा कळलं की त्याची बाटली शोधत घरभर फिरणं हे माझं काम नाही. त्याची दारू सुटायच्या आधी मला झोप लागायला लागली.

दुसरीपाळी_डोंबिवली
सोमवारी ओपीडी केली. आठ दिवसांच्या गोळ्या, सिस्टर, बायकोच देते. आज ठाण्याला उतरलो. गेटबाहेर वीस मिनिटं उभा होतो. आतून एक म्हातारे गृहस्थ आले, म्हणाले, ‘चहा निवतोय, या.’

मी काही बोललो नाही. चिठ्ठी मिळाली, पाकिटात मुलीच्या फोटोमागे ठेवलीये. शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा परत जाणार. ठाणेकर, तुम्ही कुठल्या समूहाला बसता?