परदेशात राहून गेमची नाणी कशी विकत घेता? (अनुभव धागा)

मंडळी, परदेशी निघालेल्या माणसाला सगळे विचारतात, बँक खातं कुठलं, सिम कुठलं, जेवणाखाण्याचं काय. गेमच्या खात्याचं काय, हे कुणीच विचारत नाही. मग तिकडे पोचल्यावर कधीतरी जेम्स किंवा डायमंड (गेममध्ये वापरायची, पैसे देऊन घ्यायची नाणी) घ्यायला जावं तर पेमेंट होत नाही, आणि का होत नाही ते सांगणारंही कुणी नसतं.

मी सिंगापुरात असते, भाचा साताऱ्याला. आम्ही दोघं क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये एकाच क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या एकाच गटात आहोत. 'कशी आहेस मावशी' एवढ्यावर फोन ठेवणारा हा मुलगा हल्ला कुठल्या बाजूने करायचा यावर माझ्याशी अर्धा अर्धा तास बोलतो. त्यामुळे मला हा प्रश्न किरकोळ वाटत नाही. घरापासून लांब असलेल्या कितीतरी जणांचं घराशी असलेलं नातं आज अशा गेममधून चालू आहे.

मला जे कळलंय ते आधी लिहिते. तीन गोष्टींची गल्लत होते: आपण राहतो तो देश, गेमचा सर्व्हर, आणि ॲप स्टोअरच्या खात्याचा देश. गेनशिन इम्पॅक्टमध्ये सुरुवातीला आशिया, युरोप, अमेरिका असा सर्व्हर निवडतो, पण फोनवरून जेनेसिस क्रिस्टल (त्या गेमची नाणी) घेताना भाव रुपयात दिसणार की डॉलरमध्ये, हे त्यावर ठरत नाही. ते स्टोअरचं खातं ठरवतं. विमानतळावर उतरलो म्हणून खातं आपोआप उतरत नाही.

आपापले अनुभव लिहा. कुणाशी भांडण झालं असेल तर कंपनीचं नाव घेऊ नका, उपाय मात्र नावानिशी सांगा. आणि रमी, तीन पत्तीसारखे पैसे लावून खेळायचे प्रकार इथे नकोत. भारतात २०२५ च्या कायद्याने त्यांवर बंदी आली आहे आणि तो विषयच वेगळा आहे.

ओसाकाहून

आमच्याकडे कार्डाचा प्रश्न येत नाही, कारण मुलगा रोखीने खेळतो. त्याला खाऊचे पैसे येनमध्ये मिळतात, ते साठवून तो कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे छोट्या किराणा दुकानात जातो. सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट, कुठेही जा, गूगल प्ले, ॲपल, निन्टेन्डोची कार्डं मांडणीवर टांगलेली असतात. १,५०० येन, ३,००० येन, ५,००० येन. कुणी उचलून नेईल अशी भीती दुकानदाराला नसते, कारण काउंटरवर स्कॅन होईपर्यंत त्या कार्डाची किंमत शून्य. पैसे भरले की ते जिवंत होतं. मग घरी येऊन हा एक येनच्या नाण्याने मागची पट्टी खरवडतो आणि कोड मोठ्याने वाचत टाइप करतो.

मोठ्या रकमेचं कार्ड घेणाऱ्या वयस्कर माणसाला इथले कर्मचारी कधी कधी थांबवून विचारतात, "फोनवर कुणी घ्यायला सांगितलंय का?" कार्डाचे नंबर मागणाऱ्या भामट्यांमुळे ही काळजी घेतात. मला ते फार आवडतं.

जपानमधली आणखी एक गोष्ट सगळ्यांना कळायला हवी. इथल्या बऱ्याच गेममध्ये विकत घेतलेले खडे (तिथली नाणी) आणि फुकट मिळालेले खडे वेगवेगळे मोजून दाखवतात. त्यामागे कायदा आहे. लोकांनी आगाऊ पैसे भरून घेतलेली पण न वापरलेली शिल्लक १ कोटी येनच्या वर गेली, तर कंपनीला निदान तिच्या निम्म्याएवढी रक्कम अनामत म्हणून ठेवावी लागते. गेम बंद पडला तर विकत घेतलेल्या, उरलेल्या खड्यांचे पैसे परत करायची प्रक्रिया जाहीर करावी लागते. म्हणजे मुलाने खाऊच्या पैशातून घेतलेले खडे हे कायद्याच्या नजरेत पैसेच आहेत. असा नियम सगळीकडे हवा.

अडचण एकच. येनचं कार्ड बहिणीच्या मुलाला पुण्यात चालत नाही. त्याचं खातं भारतातलं. त्याला वाढदिवसाला द्यायचं तर रुपयातला कोडच लागतो, तो माझे बाबा तिकडे घेतात.

मस्कतहून

ताई, बाबांना त्रास द्यायची गरज नाही, निदान आखातातल्यांना तरी. माझा पुतण्या इचलकरंजीला आहे. पूर्वी मी भावाला पैसे पाठवायचो, भाऊ विसरायचा, आणि पोरगं मला विचारायचं, "काका, डायमंड?"

आता मी इथूनच यूपीआयने रुपयात भरतो. जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयने (यूपीआय चालवणारी संस्था) एनआरई आणि एनआरओ खात्यांना, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या भारतातल्या बँक खात्यांना, परदेशी मोबाइल नंबरवरून यूपीआय जोडायची परवानगी दिली. पहिल्या यादीत दहा देश होते: सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि ब्रिटन. माझा +९६८ चा नंबर एनआरई खात्याला आधीच नोंदवलेला होता, म्हणून काम सोपं झालं. तुमच्या बँकेने सोय दिली आहे का, ते ॲपमध्ये बघा, सगळ्यांनी एकदम दिली नाही.

गूगल प्लेचा रुपयातला गिफ्ट कोड घेतो आणि पुतण्याला व्हॉट्सॲप करतो. भारतातला कोड, भारतातलं खातं, त्यामुळे कुठे अडत नाही. फ्री फायरवर भारतात फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आल्यापासून तो फ्री फायर मॅक्स खेळतो.

म्युनिकहून, विद्यार्थी

मी बहुतेक सगळं भारतातल्या कार्डावर चालवतो, त्यामुळे आकडे मला पाठ आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे कार्डावरचं आंतरराष्ट्रीय व्यवहारांचं बटण. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नवं कार्ड फक्त भारतातल्या एटीएम आणि दुकानांसाठी चालू असतं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार आपण ॲपमध्ये जाऊन सुरू करायचे. तिथेच मर्यादाही ठरवता येते. मी ती मुद्दाम कमी ठेवली आहे.

दुसरी गोष्ट मार्कअप, म्हणजे परकीय चलनात खर्च केला की बँक वर लावते ते शुल्क. बऱ्याच कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला साधारण २ ते ३.५ टक्के लागतात आणि त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी. ३.५ टक्के धरले तर हजार रुपयांच्या खरेदीला ३५ रुपये मार्कअप आणि त्यावर ६ रुपये ३० पैसे कर, म्हणजे ४१ रुपये ३० पैसे जास्त. एकदा घेताना हे जाणवत नाही. महिन्याचा पास आणि वर खड्यांचे छोटे पॅक घेणाऱ्याने वर्षाची बेरीज करून बघावी. पैसे भरताना पडद्यावर 'रुपयात भरा' असा पर्याय आला तर शक्यतो युरोच निवडा. रुपयाचा तो दर समोरच्याने लावलेला असतो, बहुतेक वेळा महागच पडतो, आणि त्यावर आपली बँक वेगळं शुल्क लावू शकते.

तिसरी गोष्ट ओटीपी. भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवा. एसएमएस आला नाही की सगळं थांबतं.

कार्ड नको असेल तर जर्मनीत पेसेफकार्ड मिळतं. सुपरमार्केटमध्ये, पेट्रोल पंपावर १० युरो द्यायचे आणि पावतीवर १६ आकडी पिन येतो. मूळ ऑस्ट्रियाची कंपनी, २००० सालापासूनची. बँकेशी काही संबंध नाही, जेवढे घेतले तेवढेच खर्च होतात. विद्यार्थ्यांना मी हेच सुचवेन.

स्टीमवर (कॉम्प्युटरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) मी देश बदलून जर्मनी केला. त्यासाठी इथल्या पेमेंटच्या साधनाने खरेदी करावी लागते, आणि तीन महिन्यांतून एकदाच बदल करता येतो. भारतात स्टीमवर २०१५ पासून रुपयात भाव आहेत आणि बरेच गेम तिथे स्वस्त पडतात, पण राहतो इथे तर खातं इथलंच असावं.

इस्तंबूलहून

म्युनिकच्या मित्राच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. एके काळी जगभरातले लोक व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं दाखवणारं ॲप) लावून तुर्कस्तानचे खातेदार बनायचे, कारण लिरा घसरलेला आणि भाव स्वस्त. अर्जेंटिनाचंही तेच. २० नोव्हेंबर २०२३ पासून स्टीमने दोन्ही देशांतले भाव डॉलरमध्ये केले. बाहेरच्यांनी दुसरी वाट शोधली असेल. माझ्या ऑफिसमधल्या तुर्की पोरांचा पगार मात्र लिरातच राहिला. ती पोरं तेव्हापासून सेलची वाट बघतात. स्वस्ताईसाठी दुसऱ्याच्या देशाचं खातं काढणाऱ्यांनी त्यांचा विचार करावा, एवढंच माझं कळकळीचं म्हणणं आहे.

न्यू जर्सीहून, दोन मुलांचा बाप

लहान मुलांच्या बाबतीत बोलतो. अमेरिकेत फोर्टनाइट हा गेम काढणाऱ्या एपिक गेम्सशी सरकारच्या एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणारी संस्था) डिसेंबर २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले २४.५ कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी होते, कारण बटणांच्या रचनेमुळे नको असताना खरेदी होत होती. ती बातमी वाचल्यापासून आमच्या घरात 'आस्क टू बाय' चालू आहे. मुलीने रोबक्स (रोब्लॉक्स गेमची नाणी) मागितले की माझ्या फोनवर विचारणा येते, मी हो म्हटलं तरच पैसे जातात. मीटिंगमध्ये असताना येते, तरी मी वैतागत नाही. ती काय घेते आणि का घेते, हे त्या निमित्ताने बोलणं होतं.

ठाण्याच्या पुतणीलाही आमच्या ॲपलच्या फॅमिली ग्रुपमध्ये घ्यावं अशी फार इच्छा होती. पण खरेदी वाटून घ्यायची तर ॲपलच्या ग्रुपमध्ये सगळ्यांची खाती एकाच देशाची लागतात. तिच्यासाठी आता मस्कतच्या दादांची पद्धत वापरून बघतो, अमेरिकेचा नंबर यादीत आहेच.

नाशिकहून, दुबईतून परतलेली

उलट्या दिशेचा प्रवास. ॲपल आयडीचा देश बदलायचा तर आधी शिल्लक पूर्ण संपवावी लागते आणि चालू सबस्क्रिप्शन बंद करून त्यांची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून सामान बांधायच्या आधीच मी यादी केली. काही दिरहम उरले होते, त्यातून मुलाला हवा असलेला सीझन पास घेतला. वर उरलेल्या फुटकळ रकमेसाठी कस्टमर सपोर्टला लिहिलं.

भारतात आल्यावर तयारी ठेवा की ॲपलवर २०२२ पासून भारतीय कार्डं घेत नाहीत. यूपीआय किंवा नेट बँकिंगने भरायचं, किंवा ॲपल खात्यात आधी रक्कम टाकून ठेवायची. आणि आपोआप कटणारे पास १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी न मागता जाऊ शकतात, मात्र आधी मंजुरी द्यावी लागते आणि पैसे कटायच्या आदल्या दिवशी सूचना येते.

गूगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो आणि जुन्या देशातली शिल्लक नव्या देशात येत नाही. दोन वर्षांसाठीच बदलीवर जाणाऱ्याने खरंच बदलायचा का, याचा विचार आधी करावा.

मुंबईहून, बँकेत फसवणुकीच्या तक्रारी पाहणारा

परदेशात पेमेंट अडलं की माणूस स्वस्त विक्रेत्याकडे वळतो. टेलिग्रामवर, इन्स्टाग्रामवर 'निम्म्या भावात यूसी (पबजी, बीजीएमआयची नाणी), निम्म्या भावात डायमंड' अशा जाहिराती असतात. त्यामागे काय असू शकतं ते सांगतो. चोरलेल्या कार्डाच्या तपशिलावर नाणी घेतली जातात आणि तुमच्या प्लेयर आयडीवर टाकली जातात. तुम्हाला नाणी मिळतात, तुम्ही खूश. नंतर कार्डाचा खरा मालक बँकेत तक्रार करतो, बँक ती रक्कम परत ओढते. गेम कंपनी तुमची नाणी काढून घेते, ती खर्च झाली असतील तर शिल्लक उणे होते, खातं बंदही होतं. विक्रेता तोवर नंबर बदलून मोकळा.

माझ्यासमोर अशी तक्रार घेऊन बसलेला पोरगा ढसाढसा रडला होता. त्याचं कित्येक वर्षांचं खातं गेलं होतं, आणि पैशापेक्षा तेच जास्त लागलं होतं.

खऱ्या टॉप-अपला फक्त प्लेयर आयडी लागतो, फार तर सर्व्हर. पासवर्ड, ओटीपी, फेसबुकचं लॉगिन मागितलं की तिथेच थांबा. भारतात पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

कोल्हापूरहून

सगळ्यांचं वाचलं, फार उपयोग झाला. मी पुढच्या महिन्यात टोरंटोला शिकायला चाललोय. बीजीएमआयमध्ये थोडे यूसी शिल्लक आहेत. काय करू?

धागा काढणारी, सिंगापूर

ते जायच्या आधी वापरून टाक. बीजीएमआय भारतासाठीच काढलेला गेम आहे आणि बाहेरचा पबजी मोबाइल वेगळा, दोन्हींचे यूसीही वेगळे. बाकीचे गेम 'गेस्ट' म्हणून खेळत असशील तर आजच ईमेलला जोडून घे, फोन बदलला तरी खातं राहील. प्ले स्टोअरचा देश लगेच बदलू नकोस, आधी तिकडचं बँक कार्ड हातात येऊ दे. आईबाबांना रुपयातला गिफ्ट कोड कसा घ्यायचा ते निघायच्या आधी दाखवून ठेव. आणि भारतातल्या सिमचा रोमिंग रिचार्ज विसरू नकोस.