मदत हवी आहे: स्पीकरचे लोखंडी स्टँड टणटण वाजतात, आत काय भरू?

कृष्णाकाठ
कुपवाडच्या ओळखीच्या वेल्डरकडून दोन स्टँड करून घेतले. काम झकास, काळा रंगही मारून दिला. पण पाइपवर नख मारलं की देवळातली घंटा वाजवल्यासारखा टण्ण आवाज येतो, आणि गाणं लावलं की गायक पत्र्याच्या डब्यात बसून गातोय असं वाटतं. आत वाळू भरू की फोम? रविवारी मेहुणा येतोय पुण्याहून, त्याला यातलं फार कळतं. लवकर सांगा.

खणभागकर
पाइप केवढा? खालची प्लेट वेल्ड केलीय की बोल्टची? भरणार कुठून? स्पीकर कोणते? भिंतीपासून किती लांब?

कृष्णाकाठ
पाइप चौकोनी आहे. बाकी सगळं नेहमीसारखं. वाळू की फोम, एवढंच विचारलंय.

खणभागकर
नेहमीसारखं म्हणजे कुणाच्या नेहमीसारखं?

बसा_निवांत
विकून टाका आणि साउंडबार घ्या. भिंतीला ठोकला की स्टँडच नको. आमच्या सासूबाईंच्या मालिका शेजाऱ्यांनासुद्धा स्वच्छ ऐकू येतात.

वाळूमास्तर
वाळूच. पण नदीची ओली वाळू ओताल तर पावसाळ्यात पाइप आतून गंजेल. बारीक चाळणीनं चाळा, धुऊन माती काढा, दोन दिवस गच्चीत उन्हात पसरा, मग जुन्या कढईत भाजून पूर्ण गार होऊ द्या. मुठीत दाबून सोडली की भुरभुर सुटली पाहिजे. ३ इंची चौकोनी, २४ इंच उंच पाइप पूर्ण भरायला साधारण ५ किलो लागते. मी पाऊण भरतो. कण एकमेकांवर घासतात आणि लोखंडाची थरथर तिथेच जिरते. दगड फोडून केलेली क्रश सँड नको, तिची भुकटी फटीतून गळत राहते.
शिशाचे छर्रे भरा असंही कुणीतरी सांगेल. वजन भरपूर मिळतं, पण शिसं विषारी, घरात पोरंबाळं असतील तर नादी लागू नका.

बांधकाम_भाऊ
एवढा कुटाणा कशाला? खिडकीच्या फटीत मारतात तो पीयू फोम मारा, पाच मिनिटांत विषय संपला.

वाळूमास्तर
फोमला वजन नाही. आणि एकदा फुगून बसला की बाहेर निघत नाही. वाळू नाही आवडली तर ओतून टाकता येते.

बांधकाम_भाऊ
वीस वर्षं साइटवर फोम मारतोय, एक तक्रार नाही.

खणभागकर
भाऊ, खिडकी गात नाही.

तंबोरा_मिरज
गंमत वाटली. आमच्याकडे सतारीला, तंबोऱ्याला भोपळा पोकळ लागतो, नाद घुमावा म्हणून कारागीर त्यावर जीव ओततो. आणि तुम्ही पोकळी बुजवायला निघालात! चांगला भोपळा पारखायचा कसा यावर वेगळा धागा काढू का?

भडंगप्रेमी
चुरमुऱ्याच्या भट्टीवरची वाळू आयती भाजलेली मिळेल की. जाताच आहात तर भडंगही घ्या.

वाळूमास्तर
भट्टीच्या वाळूत मीठ असू शकतं. मीठ आणि लोखंड एकत्र नको. आणि तांदूळ भरायचं तर कुणी सुचवूच नका, सोंडे होतात.

मोजपट्टी
भरण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, सायकलची जुनी ट्यूब पाइपभोवती ताणून गुंडाळा आणि तेच गाणं लावा. फरक पडला तर दोष स्टँडचा. दोन, काहीच फरक नसेल तर खोली बघा. १२ फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज आपोआप फुगतो, स्पीकर कोपऱ्यात असेल तर जास्तच. त्याला वाळू काही करणार नाही. स्पीकर आणि वरच्या प्लेटमध्ये चार कोपऱ्यांना ब्लूटॅकच्या (भिंतीवर पोस्टर चिकटवायचा मऊ गोळा) गोळ्याही लावा.

भडंगप्रेमी
+१. ट्यूब पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते.

कृष्णाकाठ
उशिराबद्दल क्षमस्व. ट्यूब गुंडाळली, टण्ण गेलं, डबा अर्धाच गेला. मग कबूल करतो, एक स्पीकर कपाट आणि भिंतीच्या बेचक्यात होता. दीड हात पुढे ओढला.
वरची प्लेट बोल्टची निघाली, तिथून नरसाळ्यानं वाळू भरली, पाऊण. रात्री बघतो तर फरशीवर वाळूची बारीक रांग. तळाच्या वेल्डला टाचणीएवढं भोक होतं. सगळी वाळू परत परातीत काढली, भोकात एमसील भरलं, सकाळी पुन्हा ओतली. बायको म्हणाली, घर बांधताना एवढी वाळू आत आली नव्हती.
आता नख मारलं की ठप्प. शब्द सुटे ऐकू येतात. मेहुणा आला, दोन गाणी ऐकली आणि विचारलं, वेल्डरचा नंबर आहे का?

बसा_निवांत
मलाही खासगी निरोपात द्या नंबर. साउंडबारचा ब्रॅकेट सैल झालाय.

खणभागकर
स्पीकर कोणते, ते अजून सांगितलं नाहीत.