गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचं मॉडेल करतेय, खारेपणा जुळेना

परभणीची_पोरगी:
नमस्कार, एमटेकचा प्रोजेक्ट आहे. आपली पैठण-नांदेडची गंगा, म्हणजे गोदावरी, पार खाली आंध्रातल्या धवळेश्वरमच्या पुढं फाटे फुटून समुद्राला मिळते ना, तिथल्या पिण्याच्या पाण्याचं मॉडेल करतेय, सीवॅटमध्ये (जमिनीखालच्या गोड्या-खाऱ्या पाण्याचा प्रवाह काढणारं सॉफ्टवेअर). किनाऱ्यालगत बरोबर खारं दाखवतंय, पण आत लांबवरच्या काही विहिरी मॉडेलमध्ये गोड्या आणि नमुन्यात मचूळ. परमिएबिलिटी, म्हणजे थरातून पाणी किती सहज झिरपतं तो आकडा, बदलून आकडे जुळतील पण ती फसवणूकच झाली. कुठं चुकतंय?

जुना_भूजलवाला:
बाई, सुरुवातीला काय भरलंस? सगळीकडं गोडं पाणी धरून रन केलं असशील तर तिथंच घोळ आहे. त्रिभुज प्रदेश म्हणजे नदीनं समुद्र बुजवून केलेली जमीन, जुनं समुद्राचं पाणी चिकणमातीच्या थरांत अजून अडकलेलं असतं आणि उपसा वाढला की ते हळूहळू विहिरीत झिरपतं, आजच्या भरतीशी त्याचा संबंध नसतो. म्हणून आधी जुनाच समुद्र, म्हणजे सगळीकडं खारं पाणी, भरून काही हजार वर्षांचा रन घे, त्यातून जे उरेल ती तुझी सुरुवात. जमलं तर त्या मचूळ विहिरींचं ट्रिशियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) तपासून घे, १९५० नंतरच्या पावसाचं पाणी त्यात मिसळलंय का ते कळतं. आणि पाणीपातळीला हलकं घेऊ नको, ती मीटरभर उतरली तर खाली खाऱ्याची सीमा हिशेबानं ४० मीटर वर येते.

कालव्याकाठचा:
मी तिकडं दोन वर्षं कामाला होतो. तिथली बरीच गावं कालव्याचंच पाणी पितात, उन्हाळ्यात कालवा बंद व्हायच्या आधी गावतळी भरून ठेवतात. १८५२ ला आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरनं धवळेश्वरमचा बंधारा पुरा केला तेव्हापासून हे कालवे जमिनीत गोडं पाणी मुरवतायत. तुम्ही कालवा बारमाही वाहता दिलाय का? आणि कोळंबीची तळी टाकलीत का? खारं पाणी आत आणून साठवतात हो, खालच्या विहिरी त्यानंच नासतात. मला तर आधी तोच संशय येतो.

लातूर_शिवार:
मधीच विचारतो, माफ करा. २०१६ ला आमच्याकडं रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून गावात बोअरवर बोअर झालेत. असं मॉडेल आमच्या बोअरला चालंल का?

जुना_भूजलवाला:
भाऊ, तसंच्या तसं नाही चालायचं. तिथं वाळू-मातीचे थर, आपल्याकडं काळा पाषाण, पाणी फक्त भेगांत, शेजारशेजारच्या दोन बोअरचं पाणी वेगळं निघतं. मॉडेलची वाट बघू नका, पावसाआधी आणि पावसानंतर प्रत्येक बोअरचं पाणी तपासा. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर किंवा नायट्रेट ४५ च्या वर गेलं तर पोरांना ते पाजू नका, उकळून दोन्ही जात नाही.

परभणीची_पोरगी:
सर, गोडंच भरलं होतं. कालवा पण बारमाही. कोळंबीची तळी तर नकाशातच घेतली नव्हती. आज रात्री जुन्या समुद्रापासून रन लावते, आकडे इथंच टाकते.