विहिरीतल्या भुयारात सिलिंडर लावून उतरायचंय, धोका नेमका कुठं आहे?

पोहणारा_सातारकर:
नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यात आत्याच्या शेतात जुनी दगडी विहीर आहे. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीसारखी देखणी नाही, पण पायऱ्या आहेत, एका बाजूला मोटेची धाव आहे. पाण्याखाली साधारण १२ फुटांवर भिंतीत एक तोंड आहे, माणूस वाकून जाईल एवढं. गावातली म्हातारी माणसं सांगतात, भुयार आहे आणि ते जरंडेश्वराच्या डोंगरात निघतं. मी गेल्या वर्षी तारकर्लीला स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स केलाय. सिलिंडर मिळतोय, दोन टॉर्च आणि गोप्रो आहे. कमरेला नायलॉनचा दोर बांधून मी आत जाणार, मित्र पायरीवर दोर धरून बसणार. पंधरा-वीस फूट आत जायचं, शूटिंग करायचं, परत. पाणी स्वच्छ आहे, वरून तोंड दिसतं. ‘जाऊ नको’ सगळेच म्हणतात, कारण कुणी सांगत नाही.

माणदेशी:
आमच्याकडं विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडतात. विझला तर आत हवा खराब आहे समजून कुणी उतरत नाही. तेवढं तरी कर.

वारणाकाठ:
कारण विचारलंस हे बरं केलंस, म्हणून सविस्तर लिहितो. मी शिराळा तालुक्यातला. शाळेत असल्यापासून काकांबरोबर विहिरीत पडलेल्या मोटरी काढायला जायचो. पुढं कामानिमित्त दोन वर्षं मेक्सिकोत होतो, तिथं टुलूमजवळच्या चुनखडीच्या, पाण्यानं भरलेल्या गुहांमध्ये गुहा-डायव्हिंगचं पहिलं शिक्षण घेतलं.

तुझं पाणी स्वच्छ आहे कारण ते कुणी हलवलेलं नाही. गाळ तळाला आहे, खोबणीत आहे आणि छतालाही चिकटलेला असतो. तुझ्या फिन्सनी तळचा उडणार. पाय अगदी स्थिर ठेवलेस तरी श्वासाचे बुडबुडे छताला आपटतात आणि वरून गाळ पडायला लागतो. जाताना पुढं स्वच्छ पाणी असतं म्हणून कळतच नाही. वळून बघितलं की ज्या वाटेनं आलास ती वाट नसते. टॉर्च तिथं उपयोगाचा नाही. पावसाळ्यात पसरणीच्या घाटात धुक्यात गाडीचा अप्पर मारून बघ, समोर पांढरी भिंत उभी राहते. तसंच, फक्त रंग मातीचा. हवा किती उरली ते दाखवणाऱ्या हातातल्या गेजवरचा काटासुद्धा दिसत नाही.

मी सतरा वर्षांचा होतो. तासगावकडं एका विहिरीत मोटर कपारीखाली सरकली होती. दम कोंडून बुडी मारली, दोन हात आत गेलो, मोटरीचं कडं हाताला लागलं, ओढलं आणि सगळं काळं झालं. वर जायला गेलो तर डोकं दगडाला. पुन्हा वर, पुन्हा दगड. मला वाटत होतं मी बाहेर निघालोय, पण मी आत चाललो होतो. हाताला मोटरीची केबल लागली, ती धरून आलो. काका काही बोलले नाहीत. मोटर तिथंच सोडून आम्ही घरी गेलो.

२०१८ साली थायलंडच्या पाणी भरलेल्या थाम लुआंग गुहेतून आत अडकलेली १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक काढले, तेव्हा मुलाला बाहेर आणताना एका कसलेल्या ब्रिटिश पाणबुड्याच्या हातून दोर सुटला होता. त्यालाही विजेची केबलच सापडली. ते वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो. त्याच गुहेत थाई नौदलाचा माजी जवान समन कुनान ६ जुलैला हवेचे सिलिंडर आत पोचवून परतताना मरण पावला. असल्या माणसांची ही गत, आणि तुझा कोर्स कशाचा आहे? काहीही बिघडलं तर सरळ वर येता येईल, अशा पाण्याचा. भुयारात वर दगड आहे.

पोहणारा_सातारकर:
दादा, वाचून अंगावर काटा आला. पण माझ्याकडं दोर आहे ना? मित्र ओढून घेईल.

वारणाकाठ:
तो दोर हीच मला सगळ्यात मोठी भीती वाटते. भुयार सरळ नसतं. मित्रानं ओढला की दोर कोपऱ्यावर ताणून जवळच्या फटीत घुसतो. दोर जातो त्या फटीतून तू जात नाहीस, आणि वरच्याला कळत नाही की तू अडकलायस, तो आणखी जोरात ओढतो. गुहेतला दोर कमरेला नसतो. बाहेर उघड्या पाण्यात पक्का बांधतात, आत जाताना दगडांना वेढे देत वाटेवरच ठेवतात आणि येताना अंगठा-तर्जनीच्या कड्यात सैल धरून, न ओढता येतात. आमच्याकडून हे मास्क काळा करून पुन्हा पुन्हा करून घेतलं होतं.

हवेचं पण सांगतो. सिलिंडरचा एक तृतीयांश जायला, एक यायला आणि एक न वापरता ठेवायचा. कारण गाळात येताना जाण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि घाबरलेला माणूस हवा पटापट संपवतो. २०१७ साली मायोर्का बेटावर भूगर्भशास्त्राचा एक शिक्षक असाच गढूळ पाण्यात दोर हरवून अडकला. उरलेली हवा एकालाच पुरेल एवढी होती, म्हणून जोडीदार बाहेर गेला आणि हा गुहेतल्या हवेच्या पोकळीत सुमारे ६० तास अंधारात बसला. तो वाचला, कारण त्या गुहेत पोकळी होती.

कऱ्हाडची_माती:
गाळ किती वेळ उडालेला राहतो, ते सांगते. मी मातीपरीक्षणाचं काम करते. आपल्या काळ्या रानाच्या मातीत चिकणमातीचा कण २ मायक्रॉनपेक्षा लहान असतो. २ मायक्रॉनचा कण अगदी स्थिर पाण्यातसुद्धा एक मीटर खाली बसायला तीन दिवसांहून जास्त घेतो. म्हणजे ‘थांबतो, निवळलं की निघतो’ हा पर्याय सिलिंडर लावलेल्या माणसाला नाही. आणखी एक, आपला खडक बेसाल्ट. पाण्यानं विरघळून मैलभर गुहा व्हायला चुनखडी लागते. तुमचं भुयार बहुतेक मुरमाचा मऊ थर ढासळून झालेली कपार असेल किंवा झऱ्यासाठी खोदलेला आडवा बोगदा. म्हणजे छतही कच्चं असू शकतं.

वारणाकाठ:
ताईंनी लाखाची गोष्ट सांगितली. भावा, आपण सांगली-साताऱ्याची माणसं, आपल्याला पाण्यात शिरण्यापेक्षा पाणी काढता जास्त येतं. थाम लुआंगमध्येसुद्धा दिवसरात्र पंप चालले होते, किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं त्या उपशाच्या कामाला गेली होती. वैशाखात पाणी उतरलं की मोटर लावा. तोंड उघडं पडेल, मग बाहेरूनच काठी आणि टेप लावून माप घे. फक्त डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका, धूर खाली साचतो. कंदील सोडाच, पण तो जळत राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका, सगळे वायू कंदिलाला कळत नाहीत.

पोहणारा_सातारकर:
काल रात्री आत्याच्या मिस्टरांशी बोललो. ते म्हणाले, तसाही यंदा गाळ काढायचाच आहे, अक्षय्यतृतीयेनंतर तीन दिवस मोटर चालवू. सिलिंडर नको म्हणून मित्राला कळवलंय. दादा, तुम्ही याल का? ताई, तुम्हीही या, माती बघायला.

वारणाकाठ:
येतो. शंभर फुटी टेप माझ्याकडं आहे. त्या तोंडाच्या वरचा दगड सैल आहे का, ते आधी बघू. तोवर कुणाला खाली उतरू देऊ नकोस.