मदत हवी आहे: रॅपिडमध्ये कोडिंग करून लपलेली फीचर्स चालू करावीत का?

राम राम मंडळी. गाडी स्कोडा रॅपिड 1.0 टीएसआय, 2020 ची, सेकंडहँड घेतलीय, एक्स्टेंडेड वॉरंटी अजून शिल्लक आहे. राहायला साताऱ्यात. तर मेव्हण्याच्या ओळखीतला एक पोरगा स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (सर्व्हिसवाले गाडी तपासायला वापरतात ते सॉकेट) केबल लावून लॅपटॉपवरनं कोडिंग करून देतो, म्हणजे गाडीत आहे पण कंपनीनं बंद ठेवलंय ते चालू करतो. रिमोट दाबून धरला की काचा वर, गाडी चालू लागली की दरवाजे आपोआप लॉक, चावी फिरवली की मीटरचे काटे पार टोकाला जाऊन परत (हे कशाला पाहिजे देव जाणे, पण पोरगा तेच दाखवून खूश होता).

मला खरं एकच पाहिजे. पावसाळ्यात यवतेश्वर घाटात धुक्यात वळणावर हेडलाईट जातो दरीत आणि रस्ता राहतो बाजूला अंधारात, तर ज्या बाजूला स्टिअरिंग फिरवू तिकडचा फॉगलॅम्प लागतो म्हणे, तेवढं झालं तरी बास. जमलं तर 80 च्या वर गेलं की वाजणारा बीपही बंद करायचाय, पुण्याला जाईपर्यंत डोकं उठतं.

वॉरंटी जाईल का? सर्व्हिस सेंटरला कळतं का? केबल ओरिजिनल नाहीये असं तो स्वतःच म्हणतोय.

प्रतिसाद 1
बिनधास्त करा राव. माझ्या पोलोत केलंय, काही होत नाही.

प्रतिसाद 2
दादा, बिनधास्त वगैरे नको. फॉगलॅम्पचं काम 09 नंबरच्या मॉड्यूलमध्ये (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर) असतं, ते तुमच्या मॉड्यूलला जमतंय का ते आधी बघायला सांगा, हार्डवेअरच नसेल तर कोडिंग करून काय उपयोग. आणि ते कमी स्पीडलाच लागतं, साधारण 40 च्या आत, म्हणजे घाटात चालतंय. हात लावायच्या आधी पूर्ण स्कॅन आणि जुनं कोडिंग सेव्ह करून तुमच्या मोबाईलवर घ्या, त्याच्या लॅपटॉपवर ठेवून येऊ नका. बॅटरी दमलेली असेल तर चार्जर लावल्याशिवाय सुरूच करू नका, लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल अडकतं आणि तो खर्च वॉरंटीत बसवायला कुणी तयार होत नाही. 15 नंबर एअरबॅगचा, तिकडं बघायचं पण नाही.

सर्व्हिस सेंटरला कळतं, कोडिंगसोबत वर्कशॉपचा कोड मॉड्यूलमध्ये जातो. नुसत्या फॉगलॅम्पवरनं इंजिनचा क्लेम नाकारणं अवघड आहे, पण वायरिंगचं काही निघालं तर बोट तिकडंच जाणार. बीपचं विसरा. 1 जुलै 2019 नंतरच्या गाड्यांना तो बंधनकारक आहे, सीटबेल्टच्या रिमाइंडरसारखा.

धागाकर्ता
धन्यवाद भाऊ. बीप राहू दे मग. फक्त फॉगलॅम्प करतो, पण डुप्लिकेट केबलवर नाही. कराड किंवा सांगली साईडला कुणाकडं ओरिजिनल केबल आहे का? रविवारी गाडी घेऊन येतो, चहा-मिसळ माझ्याकडनं.