मदत हवी आहे: थारसाठी ऑल-टेरेन टायर, दगडांत साइडवॉल टिकेल असे

मंडळी, गाडी थार डिझेल ४x४, १६ इंची रिम, मूळ साइझ २४५/७५ आर१६. निम्म्याहून जास्त रनिंग डांबरावर, बाकी मावळ-मुळशीकडचे दगडगोट्यांचे कच्चे रस्ते आणि पावसाळ्यातला चिखल. तिथल्या काळ्या दगडाच्या धारदार कडा ट्रेडला (रस्त्याला टेकणाऱ्या भागाला) फारसं काही करत नाहीत, साइडवॉल (टायरची बाजू) मात्र चिरतात. तिथली चीर पंक्चरवाल्याकडे निघत नाही, अख्खा टायर जातो. म्हणून तीन प्लायची (आतल्या धाग्यांच्या तीन थरांची) साइडवॉल हवीच.

अडलंय ते एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जास्त भाराच्या) टायरपाशी. मजबूत आहेत, पण जड. पिकअप आणि मायलेज दोन्ही खातात. शिवाय कडक साइडवॉलमुळे चिखलात हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली तरी टायर पुरेसा पसरत नाही, आणि त्याहून फार खाली गेलं की वळणावर बीड (रिममध्ये बसणारी टायरची कड) सुटायची भीती. एलटी वापरणारे चिखलात नेमकी किती हवा ठेवता? डांबरावर किती?

दुसरं, मोठा साइझ २६५/७५ आर१६ घेतला तर व्यास ३० मिमी वाढतो, म्हणजे क्लिअरन्स जेमतेम १५ मिमी, आणि स्पीडोमीटर सुमारे ४ टक्के कमी दाखवणार. स्टिअरिंग पूर्ण वळवून सस्पेन्शन दबलं की टायर फेंडर लायनरला (चाकावरच्या आतल्या अस्तराला) घासतो का? लिफ्ट किट नको आहे.

स्टेपनीसकट पाचही एकदमच बदलणार. मॉडेल सुचवताना किती किलोमीटर चालले आणि ओल्या डांबरावर ब्रेक कसा लागतो, तेवढं नक्की लिहा.