'चार दिवस सासूचे'ची अकरा वर्षं: रोहिणी हट्टंगडींचं नुकसान झालं का?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

परवा 'पार्टी' सिनेमा पुन्हा पाहिला. १९८४चा, महेश एलकुंचवारांच्या नाटकावरचा, गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केलेला. रोहिणी हट्टंगडींना त्यासाठी सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. एका नामवंत लेखकाच्या घरातली ती बाई, हातात ग्लास, बोलण्यात हसू आणि आतून पार उसवलेली. बघताना सारखं वाटत होतं की एवढ्या ताकदीच्या नटीला आपण पुढे सोफ्यावर बसवून ठेवलं.

ईटीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' २००१ साली सुरू झाली आणि २०१३च्या जानेवारीत संपली. सुमारे ३२०० भाग. लिम्का बुकात नोंद झाली, अभिनंदनाचे फलक लागले. त्यांनी केलेली आशालता देशमुख घराघरांत पोचली, मान्य. पण अल्काझींच्या काळात राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेली, 'गांधी'मधल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार घेऊन आलेली बाई अकरा वर्षं रोज तेच करारी बघणं आणि तोच पदर सावरणं करत राहिली. कुणी काही बोललं की चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा, मागे ढोल. अभिनेत्री म्हणून सगळ्यात पिकलेली वर्षं त्या मालिकेनं खाल्ली, असं माझं मत आहे. ३२०० भागांतला आजही डोळ्यांपुढे येणारा एक प्रसंग सांगा, मी गप्प बसतो.

खानावळीतला टीव्ही

गप्प बसवण्यासाठी नाही, पण हिशेब नीट मांडा. मालिकेनं काय खाल्लं ते सांगताना सिनेमानं काय वाढून ठेवलं होतं तेही सांगा की. 'सारांश'मध्ये तरुण मुलगा गमावलेली म्हातारी आई केली तेव्हा रोहिणीताई जेमतेम तिशीच्या आसपास होत्या. 'अग्निपथ'मध्ये अमिताभची आई, आणि वयानं त्याच्याहून कितीतरी लहान! फिल्मफेअर मिळालं, पण भूमिका कुठली? आईच. 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' २००३चा, म्हणजे मालिका चालू असतानाचा. त्यातही आई, आणि वाट्याला प्रसंग किती? मालिकेनं त्यांना चौकटीत अडकवलं म्हणता, ती चौकट आधीच तयार होती. मालिकेनं निदान त्या चौकटीच्या मधोमध उभं केलं. नाव श्रेयनामावलीत पहिलं, कथा तिच्याभोवती. हिंदी सिनेमानं पन्नाशीतल्या बाईला तेव्हा हे दिलं असतं का?

तिसरी घंटा

सिनेमाचं सोडा. नाटक होतं ना? त्यांचे पती जयदेव हट्टंगडींनी बसवलेली 'चांगुणा', स्पॅनिश नाटककार लोर्काच्या 'येर्मा'वरची. ज्यांनी पाहिली ते आजही बोलतात. तसं काही या अकरा वर्षांत का नाही?

कॉलशीट

मी काही वर्षं डेली सोपसाठी संवाद लिहिलेत (वाहिनी आणि मालिका सांगत नाही, पोट अजून त्याच धंद्यावर आहे), म्हणून थोडं आतलं.

नाटकाला महिना-दीड महिना तालीम मिळते. सिरियलमध्ये सीन हातात येतो तेव्हा कलाकार मेकअपला बसलेला असतो, कधीकधी कागद प्रिंटरमधून गरमच येतो. एकदा वाचन, एक टेक्निकल (कॅमेऱ्यासाठीची तालीम), टेक. बारा तासांच्या शिफ्टमध्ये किमान एका भागाचं फुटेज निघालंच पाहिजे, कारण बँक नसते. बँक म्हणजे पुढच्या भागांचा साठा; तो आटला की उद्याचं टेलिकास्ट आजच्या शूटवर लटकतं. कथेचा ट्रॅक टीआरपीवर वळतो. आज जिच्याशी वैर, तिच्याच गळ्यात पडून तीन आठवड्यांनी रडायचं, आणि का ते कुणी सांगत नाही. नवीन मुलं यात गोंधळतात. जुना नट मात्र लेखकानं न दिलेलं कारण स्वतःच शोधून आणतो. चुकीचं वाक्य त्याच्या तोंडी खरं वाटतं, आणि आमची अब्रू वाचते.

त्यामुळे 'रोज तेच' हे घरातून दिसणारं चित्र झालं. आणि पैशांचं म्हणाल, तर नाटकाची नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, प्रयोग झाला की हातात पडते, हे खरं. सिरियलचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, पण येतात. पावसाळ्यात प्रयोग रद्द झाले की नाईट कुठली?

बर्मिंगहॅमकर

इकडे ब्रिटनमध्ये विल्यम रोच 'कोरोनेशन स्ट्रीट' मालिकेत ९ डिसेंबर १९६०च्या पहिल्या भागापासून केन बार्लो करतायत. गिनीजमध्ये नाव आहे. त्यांची अभिनयकला वाया गेली म्हणून इथे कुणी उसासे टाकत नाही. अमेरिकेत सुझन लुची 'ऑल माय चिल्ड्रेन'मध्ये एरिका केन म्हणून १९७० ते २०११. डेटाइम एमी या तिकडच्या टीव्ही पुरस्काराला अठरा वेळा हुकली, १९९९ साली एकोणिसाव्या नामांकनाला मिळाली, तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं. आपल्याकडे मालिकेतलं काम म्हणजे वेठबिगारी, असं नाटकवाल्यांनीच ठरवून टाकलंय.

तिसरी घंटा

उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. 'कोरोनेशन स्ट्रीट' सुरू झाली तेव्हा आठवड्याला दोन भाग होते. तुम्ही ३२०० भागिले अकरा, मग भागिले बावन्न करून बघा, आठवड्याला साडेपाच येतात. एवढ्या वेगात काय लिहून होणार आणि काय करून होणार? वर कॉलशीट यांनी जे कौतुकानं सांगितलं, त्याला मी वाया जाणं म्हणतो. एवढी मोठी नटी लेखकाची भोकं बुजवत बसली.

शेवंता नव्हे शेवंती

तुम्हा लोकांना एक सवय आहे, जे बायका संध्याकाळी कुकर लावता लावता बघतात ते आपोआप हलकं. माझ्या सासूबाई ही मालिका एकही दिवस चुकवायच्या नाहीत. कविता लाडनं केलेली सून अनुराधा त्यांना आवडायची, पण आशालताबद्दल बोलताना त्या अरे-तुरेवर येत नसत. 'त्या' म्हणायच्या. एका नटीनं एका पात्राला एवढा दरारा मिळवून दिला, हे तुमच्या प्रसंगाच्या परीक्षेत बसत नसेल तर परीक्षा बदला. रोजच्या मालिकेत एखादा प्रसंग लक्षात राहत नाही, माणूस राहतो.

पिटातला प्रेक्षक

दोन्हीकडचं वाचलं. मला तर चार-पाच वर्षांत संपवायला हवी होती एवढंच वाटतं. शेवटी शेवटी गोष्ट कुठे चालली होती ते लिहिणाऱ्यांना तरी ठाऊक होतं का, शंका आहे. 'तिसरी घंटा' यांनी हा राग वाहिनीवर काढावा.

खानावळीतला टीव्ही

शेवंतीताईंना शंभर टक्के अनुमोदन. एक राहिलं. मालिका जानेवारी २०१३मध्ये संपली आणि त्याच वर्षी जुलैत 'होणार सून मी ह्या घरची' सुरू झाली, त्यात रोहिणीताई आईआजी. एवढं नुकसान झालं असतं, जीव विटला असता, तर सहा महिन्यांत पुन्हा मालिका का घेतली असती?

तिसरी घंटा

किंवा त्या सहा महिन्यांत त्यांच्या तोडीचं दुसरं काही कुणी लिहून आणलंच नाही. असंही वाचता येतं.

कॉलशीट

येतं. पण मग लिहा की. आम्ही तर रोज लिहितोय.